रॅम भरली म्हणून काय झालं!

मराठी घरात कॉम्प्युटर म्हातारा होतो, पण निवृत्त होत नाही. टीव्ही जुना झाला की एक्स्चेंजमध्ये जातो, फ्रिज जुना झाला की गावी जातो, कॉम्प्युटर मात्र 'होम सर्व्हर' होतो. ही बढती असते. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी हौसेनं घेतलेला डेस्कटॉप मुलाला कंपनीचा लॅपटॉप मिळाल्यावर कोपऱ्यात पडतो. मग 'भंगारवाला कधी येतो हो हल्ली?' असा प्रश्न स्वयंपाकघरातून यायच्या आत घरातला एखादा पुरुष घाईघाईनं जाहीर करतो, "टाकायचा नाही. त्याचा सर्व्हर करायचाय."

मीरा-भाईंदरमध्ये असे सर्व्हर किती आहेत याची शिरगणती कोणी केलेली नाही, पण या शहराचा स्वभाव पाहता ते भरपूर असावेत. इथली पुष्कळ कुटुंबं गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या सोडून आली. चर्चगेटपासून चाळीस-एक किलोमीटरवर का होईना, पण स्वयंपाकघराला वेगळं दार असलेली जागा मिळाली म्हणून आली, आणि येताना फळकुटंसुद्धा टाकून आली नाहीत. 1985 साली इथे नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका. 2001च्या जनगणनेत शहरात पाच लाखांवर माणसं होती, 2011ला आठ लाखांवर. एवढी माणसं जिथे मावली तिथे एक कॅबिनेट मावायला काय हरकत आहे?

आमचं कॅबिनेट चपलांच्या कपाटावर मावलेलं आहे. 2012 सालचा माल. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-61चा बोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट आणि दोन्हींत चार-चार जीबीच्या डीडीआर-थ्री पट्ट्या. मॉनिटर नाही, की-बोर्ड नाही, माउस नाही. मागे एक वीज आणि एक नेटवर्कची वायर. अंगावर लग्नातल्या अहेराचा एक टर्किश टॉवेल, धूळ बसू नये म्हणून. तो टॉवेल हवा जायच्या जाळीवर येणार नाही एवढं पाहणं ही घरातल्या प्रत्येकाची जबाबदारी आहे, म्हणजे कोणाचीच नाही.

हा सर्व्हर करतो काय, असं पाहुणे विचारतात. तो घरातले फोटो सांभाळतो, मुंजीच्या व्हिडिओच्या सीडीतून काढलेल्या फायली सांभाळतो, जाहिराती अडवतो, जुनी नाटकं टीव्हीवर दाखवतो. मोठ्या कंपन्यांना फोटो ठेवण्यासाठी महिन्याला शंभर-दीडशे रुपये द्यायचे नाहीत हा त्यामागचा बाणेदार विचार. त्यावर आमच्या घरात एक हिशेब तयार आहे. जुनं मशीन साठ वॉट खातं असं धरलं, तर चोवीस तास, तीस दिवस, महिन्याला 43 युनिट. "दीडशे रुपये वाचवायला 43 युनिट जाळता," असं हे गणित तोंडी सांगितलं जातं, आणि वीजबिल आलं की लेखीही दाखवलं जातं. अशा वेळी पुरुषांनी 'प्रायव्हसी' हा शब्द उच्चारून गॅलरीत जावं.

गेल्या काही वर्षांत या बिरादरीत भरच पडते आहे. विंडोज टेनचा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि विंडोज इलेव्हन या म्हाताऱ्यांना दारातच उभं करत नाही. मग भाचा येतो, पेन ड्राइव्हमधून लिनक्स टाकतो, "मामा, आता बघा कसं पळतं," म्हणतो आणि जातो. मशीन खरोखर पळतं. पुढे कधीतरी लंगडायला लागतं, तेव्हा भाचा ऐरोलीच्या ऑफिसात रिलीजमध्ये अडकलेला असतो.

आमचा सर्व्हर लंगडायला लागला तेव्हा लक्षणं अशी होती. फोटो उघडायला वेळ लागे. नाटक दुसऱ्या अंकात अडके. डिस्कचा लाल दिवा अखंड पेटलेला आणि आतून सुपारी कातरल्याचा आवाज. मग स्क्रीनवर मेमरीचा आकडा पाहिला गेला आणि घरात बोंब झाली: रॅम भरली! आपल्याकडे एखाद्याचं दुखणं कळलं की औषध सांगणारे आधी येतात आणि काय दुखतंय हे विचारणारे येतच नाहीत. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी हे बोललो एवढंच. दुसऱ्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत जाईस्तोवर मला सल्ले मिळाले होते.

या सल्लागारांचे पंथ आहेत. सगळ्यात मोठा पंथ रीस्टार्टवाद्यांचा. "बंद करून चालू केलंत का?" हा त्यांचा मूलमंत्र. याला पुरावा असतो, हीच पंचाईत. बंद करून चालू केलं की मशीन खरंच टवटवीत होतं, आणि तीन-चार दिवसांनी मूळपदावर येतं. आमच्या इमारतीत पावसाळ्यात वीज जाऊन आली की सर्व्हर सुधारतो असं माझंही निरीक्षण होतं. घर पुसणाऱ्या मावशींच्या हातून प्लग निघाला की त्या दिवशी तर फोटो फारच झरझर उघडत. त्यामुळे मावशींना आमच्याकडे तांत्रिक सल्लागाराचा मान होता.

दुसरा पंथ फॉरमॅटवाद्यांचा. हे बहुतेक 2000च्या सुमारास कॉम्प्युटर शिकलेले. यांना कुठलाही आजार सांगा, "फॉरमॅट मारा." ते मारा असंच म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका या पंथाचे. सर्व्हरवर आमचे दहा वर्षांचे फोटो आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग बॅकअप घ्या आणि मारा." बॅकअप कुठे घ्यायचा? "सर्व्हरवर."

तिसरा पंथ खोडरबरवाद्यांचा, आणि याची मी टिंगल करणार नाही, कारण हे हस्तकौशल्य मी जवळून पाहिलंय. स्टेशनकडे दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मुलगा घरी आला. त्यानं टॉवेल उचलला, दोन स्क्रू काढले, पत्रा सरकवला. आत धुळीची गोधडी, आणि पॉवर सप्लायच्या मागे पालीची दोन पांढरी अंडी. ती त्यानं कागदावर घेऊन माझ्या हातात दिली. सुटे भाग ग्राहकाला परत द्यायची त्याची शिस्त असावी. मग रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांचे खटके बाहेर दाबून पट्टी काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, ती काळवंडली होती. "खाडीची हवा," तो म्हणाला. आम्ही जेसल पार्कच्या बाजूला. खाडीचा वारा येतो असं सांगूनच बिल्डरनं फ्लॅट विकलेला. तो वारा रॅमपर्यंत जातो हे ब्रोशरमध्ये नव्हतं. त्यानं शर्टाच्या खिशातून शाळेतलं पांढरं खोडरबर काढलं आणि एकेक दात घासला, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. भुगा ब्रशनं झाडला. पट्टी परत बसवताना अंगठ्यांनी दाबली, दोन्हीकडून टक्, टक्. मशीन चालू केल्यावर एकच बारीक बीप वाजली. "ओके आहे," त्यानं शेरा दिला.

ओके होतं, यात शंका नाही. पट्टीचे दात मळले की मशीन सुरूच होत नाही, नुसतं बीप बीप करत बसतं, किंवा काम करता करता भलत्याच चुका करून बंद पडतं. त्याला खोडरबर हा रामबाण इलाज. पण रॅम भरण्याशी त्याचा संबंध नसतो. आमच्या पट्ट्या चकचकीत झाल्या आणि तेवढ्याच भरायला लागल्या.

चौथा पंथ अतिशय शिकलेला आणि म्हणून जास्त धोक्याचा. हे लोक 'फ्री' नावाची आज्ञा चालवतात. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटते. आमच्याकडे ती अशी उमटली: टोटल 7.7 जीबी, यूज्ड 3.1, फ्री 190 एमबी, बफ-कॅश 4.4 जीबी, अव्हेलेबल 4.2 जीबी. पाचव्या मजल्यावरच्या साहेबांनी 'फ्री'खालचे 190 पाहिले आणि डॉक्टर एक्स-रे पाहून करतात तसा चेहरा केला. "एकशे नव्वद एमबी राहिलेत फक्त. गेलं हे."

मीरा-भाईंदरच्या माणसानं तरी या आकड्याला घाबरू नये. या शहराला स्वतःचं धरण नाही. स्टेम आणि एमआयडीसी या पाणी पुरवणाऱ्या संस्थांकडून येईल त्या पाण्यावर ते वाढलंय. म्हणून पाणी सुटलं की इथली गृहिणी घरात रिकामं दिसेल ते भरून ठेवते. पिंप, बादल्या, कळशी, पातेली, शेवटी कुकरसुद्धा. अशा वेळी एखादा पाहुणा ओट्याकडे बघून म्हणाला, "अरेरे, तुमच्याकडे एक भांडं रिकामं नाही, आता वरण कशात लावणार?" तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही. वरणाची वेळ झाली की ती पातेल्यातलं पाणी ओतते आणि पातेलं मोकळं होतं. लिनक्स नेमकं हेच करतं. रिकामी रॅम त्याला बघवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल ते रॅममध्ये भरून ठेवतं, म्हणजे पुन्हा कोणी मागितली तर डिस्कपर्यंत हेलपाटा नको. त्याला कॅश म्हणायचं. एखाद्या प्रोग्रामला जागा हवी झाली की हे पाणी ओतून भांडं त्याच्या हवाली. म्हणून 'फ्री'चा आकडा लहान असणं ही चांगल्या संसाराची खूण आहे. बघायचा आकडा शेवटचा, 'अव्हेलेबल'. मागितली तर साधारण किती भांडी मोकळी करून देता येतील, याचा तो अंदाज. पूर्वी लोक फ्री आणि कॅश यांची बेरीज करून तो आपापल्या मनानं काढायचे आणि चुकायचे. 2014 साली लिनक्सच्या 3.14 या आवृत्तीपासून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच तो सांगू लागलं. तेव्हापासून घाबरायचं कारण उरलेलं नाही, पण घाबरायची सवय कोणी सोडलेली नाही.

पाचव्या मजल्यावरच्या साहेबांकडे यावर जालीम उपाय होता. कर्नलला 'ड्रॉप कॅशेस' असा हुकूम देता येतो, की जे भरून ठेवलंयस ते सगळं ओतून टाक. साहेबांनी तो दर तासाला आपोआप सुटेल अशी व्यवस्था करून दिली. फ्रीचा आकडा एकदम चार जीबीवर गेला. पडदा बघून डोळे निवले. आणि सर्व्हर आधीपेक्षा मंद झाला, कारण दर तासाला सगळी भांडी मोरीत उपडी होत होती आणि कर्नल बिचारं पुन्हा पहिल्यापासून पाणी भरत होतं. हा हुकूम चाचणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही, असं लिनक्सच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण कागदपत्रं वाचायची झाली तर मग सल्ला कशाला विचारायचा?

पाचवा पंथ सरळमार्गी: "रॅम टाका." म्हणजे लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर भडकमकर मार्ग विचारलात तर माणसं वर पाटी शोधायला लागतात. तिथे डीडीआर-थ्री मागितली तेव्हा काउंटरवरच्या मुलानं मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि "अंकल, डीडीआर-थ्री?" असं म्हणून आतल्या माणसाला हाक मारली. आतला माणूस बाहेर आला, तो माझ्या वयाचा होता. त्यानं ओळखीचं हसून खणातून जुन्या मशीनमधून काढलेल्या पट्ट्यांचा जुडगा काढला. भाव ऐकून मी पट्टी खाली ठेवली. "एआय, साहब," तो म्हणाला. "सब रॅम उधर जा रहा है." ही मात्र विक्रेत्याची थाप नव्हती. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा एवढा फडशा पाडलाय की मायक्रॉन कंपनीनं डिसेंबर 2025मध्ये आपला ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. नव्या रॅमचे भाव चढले की जुन्या पट्ट्यांनाही अंगात वारं येतं. जगातली बुद्धी कृत्रिम होते आहे आणि त्यासाठी आमच्या घरच्या मुंजीच्या व्हिडिओनं कळ सोसायची, हे मान्य करून मी रिकाम्या हातानं परतलो.

घरी सहावा पंथ वाट पाहत होता. त्याचं एकमेव मत: "अहो, देऊन टाका ते भंगारात." या पंथाला अनुयायी एकच, पण बहुमत त्यांचंच.

अखेर गणपतीत भाचा आला. तो कुठल्याच पंथाचा निघाला नाही, म्हणजे त्यानं सल्ला दिला नाही. त्यानं आधी ड्रॉप कॅशेसची तासाची व्यवस्था उपटून काढली. मग दर दहा मिनिटांनी 'अव्हेलेबल'चा आकडा एका फायलीत लिहून ठेवणारी दोन ओळींची सोय केली आणि मोदक खायला बसला. "मामा, आकडा किती आहे ते महत्त्वाचं नाही. तो उतरतोय का ते बघायचं." आरत्या झाल्या, दुसरा दिवस उजाडला, आकडा उतरत होता. तो फार नाही, पण न चुकता उतरत होता. कॅश असती तर मागितल्यावर परत मिळाली असती. ही परत न मिळणारी जागा होती. कोणीतरी खात होतं आणि ताट सोडून उठत नव्हतं.

पहिला संशय फोटोंच्या प्रोग्रामवर. तो नवीनच आणलेला आणि चेहरे ओळखणारा. घरातल्या हजारो फोटोंतून त्यानं माणसं वेगळी काढलेली आणि प्रत्येकाखाली 'यांचं नाव काय?' असं विचारलेलं. माझे केस असतानाचे आणि नसतानाचे त्यानं दोन वेगळे गृहस्थ केले होते. सगळ्यांत जास्त फोटो असलेली एक व्यक्ती मात्र निनावी होती: उभा चेहरा, भुवया कोरीव, नाकात नथ, आणि वर्षानुवर्षं वयात तिळमात्र फरक नाही. उघडून पाहिलं तर त्या आमच्या गौरी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींना त्यानं एकच बाई धरलं होतं, त्यावरून स्वयंपाकघरातून त्याच्याविषयी जे मत व्यक्त झालं ते एआय कंपन्यांच्या भागधारकांनी ऐकायला हवं होतं. पण मेमरीच्या बाबतीत तो निर्दोष सुटला. चेहरे ओळखायचं मॉडेल कामापुरतं रॅममध्ये चढतं आणि काही मिनिटं काम नसलं की उतरतं. खाणारा होता, पण उठून हात धुणारा.

मग भाच्यानं सगळ्या प्रोग्रामांची यादी पडद्यावर घेतली. 'व्हर्ट' नावाच्या स्तंभात एकाच्या नावापुढे चाळीस जीबी. आठ जीबीच्या मशीनवर चाळीस! मी खुर्चीवरून उठलो. "बसा मामा," तो म्हणाला. व्हर्ट म्हणजे प्रोग्रामनं आपल्या नावावर मागून ठेवलेले पत्ते. प्रत्यक्ष रॅममध्ये किती बसलंय ते शेजारच्या 'रेस'मध्ये. आणि रेसची नुसती बेरीज केली तरी फसतो, कारण अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती जागा प्रत्येकाच्या खात्यात पुन्हा पुन्हा मोजली जाते. शेजारी राहून एवढी वर्षं सोसायटीचा मेंटेनन्स भरतो, पण सामायिक जागा कोणाच्या नावावर किती हे मला तिथेही कळलेलं नाही.

तेवढ्यात त्यानं एक साधी गोष्ट केली, जी आमच्यापैकी कोणीच केली नव्हती. त्यानं कर्नलचा लॉग उघडला. कर्नलमध्ये 'आउट ऑफ मेमरी किलर' नावाची सोय असते. रॅम आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दोन्ही संपले की तो प्रत्येक प्रोग्रामचे गुण मोजतो, सगळ्यांत जास्त गुणवाल्याला संपवतो आणि कोणाला संपवलं ते लिहून ठेवतो. एवढा प्रामाणिक मारेकरी दुसरीकडे सापडायचा नाही. आमच्या लॉगमध्ये 'किल्ड प्रोसेस' अशी ओळ कितीदा तरी होती आणि दर खेपेला पुढच्या कंसात एकच नाव: क्रोमियम.

"मामा, या मशीनवर ब्राउझर कोण वापरतं?"

"मॉनिटरच नाही तर ब्राउझर कोण वापरणार?"

भाच्यानं यादीत ते नाव शोधलं. एका ओळीत सापडलं नाही, कारण ब्राउझर एका ओळीत राहत नाही. खिडकीसाठी वेगळा प्रोसेस, चित्रांसाठी वेगळा, प्रत्येक टॅबसाठी वेगळा. बहुतेक ओळी बारीक, नजरेत न भरणाऱ्या, आणि मधे एक जी दिवसागणिक फुगत चाललेली. बैठकीच्या खोलीतला टीव्ही वायरनं सर्व्हरला जोडला आणि सगळे समोर बसलो. टीव्हीवर उजळलं ते एका देवस्थानाचं लाइव्ह दर्शन. गाभारा, समई, खाली सरकत जाणाऱ्या भाविकांच्या नमस्कारांची रांग. ती रांगच रॅममध्ये साठत होती.

उलगडा आईनं केला. 2020 साली टाळेबंदीत देवळं बंद झाली तेव्हा नातवानं आजीसाठी ही सोय केली होती. आजीला माउस जमत नाही, म्हणून मशीनचं बटण दाबलं की ब्राउझर आपोआप उघडावा आणि दर्शन सुरू व्हावं, असं त्यानं नेमून दिलं. पुढे मॉनिटर त्यानं घरून काम करायला उचलला. 16 नोव्हेंबर 2020ला देवळं उघडली, पुन्हा बंद झाली, 7 ऑक्टोबर 2021ला घटस्थापनेच्या मुहूर्तावर पुन्हा उघडली. ही बातमी चपलांच्या कपाटावर पोहोचली नव्हती. टॉवेलखाली, पडद्याविना, चोवीस तास, इतकी वर्षं दर्शन चालू होतं आणि भक्त कोणी नव्हता. आधी मशीनवर दुसरं काही नव्हतं म्हणून निभावलं. फोटोंचं बिऱ्हाड आल्यावर दाटी झाली.

आता खरा विनोद पाहा. रॅम संपली की कर्नल स्वतःहून तो टॅब मारत होतं आणि घर मोकळं करत होतं. त्याआधी जी लंगड दिसे ती स्वॅपची. रॅममधलं उचलून डिस्कवर टाकायचं आणि लागलं की परत आणायचं. रॅमचा हिशेब नॅनोसेकंदात आणि फिरत्या डिस्कचा मिलीसेकंदात. या दोन मापांतच दहा लाख पटींचं अंतर, म्हणून तो सुपारीचा आवाज. ती रात्र निभावली की टॅब मरून सर्व्हर सकाळी ठणठणीत व्हायचा. पण तोवर रीस्टार्टवादी जागे झालेले असत. ते बंद करून चालू करत आणि चालू झाल्याबरोबर आजीचं दर्शन पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे आजार कर्नल बरा करत होतं आणि आमचं औषध तो परत आणत होतं. मावशींचा तांत्रिक सल्लागाराचा मान त्याच दिवशी गेला.

दर्शन बंद करायचं म्हटल्यावर घरात शांतता पसरली. सणाचे दिवस, कोण बोलणार? आई म्हणाली, "अरे, म्हणूनच तर ते मशीन एवढी वर्षं टिकलं." या विधानाचं खंडन करणारा पुरावा माझ्याकडे नव्हता, भाच्याकडेही नव्हता. शेवटी तडजोड झाली. दर्शन आईच्या फोनवर आलं. सर्व्हरचं चित्रांचं सगळं खातंच भाच्यानं बंद केलं. पडदाच नाही तर डेस्कटॉप कशाला, आता मशीन नुसत्या अक्षरांत सुरू होतं. फोटोंच्या प्रोग्रामला एवढीच रॅम घेशील अशी लेखी मर्यादा घातली. अव्हेलेबलचा आकडा आता कमी-जास्त होतो, पण एकसारखा उतरत नाही. रॅमची नवी पट्टी घेतली असती तर एवढंच झालं असतं, की दर्शन तीन-चार दिवसांऐवजी आठ दिवसांनी आडवं आलं असतं.

तेव्हा चपलांच्या कपाटावर, देव्हाऱ्याखाली किंवा वॉशिंग मशीनशेजारी असा एखादा म्हातारा सांभाळणाऱ्या सर्वांना विनंती. 'यूज्ड' आणि 'फ्री' बघून लिफ्टमध्ये बोलू नका. 'अव्हेलेबल' चार दिवस लिहून काढा. आहे तिथे राहत असेल तर झोपा. उतरत असेल तर रीस्टार्ट करायच्या आधी कर्नलचा लॉग वाचा, कारण गुन्हेगाराचं नाव बहुधा तिथे लिहिलेलं असतं. मशीन सुरू होताना आपोआप काय काय सुरू होतं ती यादी वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा, आजीसमोर तर नक्कीच. एवढं करूनही आकडा उतरत राहिला तर खुशाल रॅम घ्या. फक्त एच-61चा बोर्ड असेल तर तो सोळा जीबीच्या वर घेत नाही, हे घरून निघण्याआधी पाहून ठेवा. संध्याकाळी सहानंतर ग्रँट रोडहून भाईंदरला परत यायचं असतं.